दोन अर्ज, एक अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. कौतुक करून घ्यायला हे सांगत नाही. या अक्षरानं मी घरातल्याच एका माणसाचं नुकसान केलं, म्हणून सुरुवात तिथून करावी लागते.

आमच्या पेठेत तालमीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. कुणाचा पोरगा दहावीला पास झाला, कुठल्या गल्लीत चार दिवस पाणी नाही, कुठल्या पुढाऱ्यानं निवडून आल्यावर तोंड दाखवलं नाही, सगळं तिथं खडूनं लिहिलं जायचं. सकाळी दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस आधी फळा वाचायचा आणि मग पुढं जायचा. कोल्हापुरात समोरासमोर शिवी दिली तर समोरचा दोन देतो आणि विषय मिटतो. फळ्यावर टोमणा बसला की तो माणूस आठवडाभर दुसऱ्या गल्लीनं जातो. हा फळा बरीच वर्षं मीच लिहीत होतो. दिवसभर मार्केट यार्डातल्या एका कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी फळ्यापुढं उभं राहून लोकांना हसवायचं, हीच माझी ऐट.

मला अक्षर शिकवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आम्ही मूळचे उचगावचे. आई-बाप दिवसभर रानात असायचे. आक्काची शाळा चौथीत सुटली होती, पण अक्षर टपोरं होतं. ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि मी शेजारी पाटी घेऊन बसायचो. पिठाच्या हातानं माझा हात धरून ती गिरवून घ्यायची. माझ्या अक्षराला आजही तिचंच वळण आहे.

तिला नेसरीकडं दिली होती. नव्वदचं दशक संपता संपता तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून मी तिला घेऊन आलो. आमचं घर दोन खोल्यांचं. वर एक अडगळीची खोली होती, ती तिला दिली. तिथं तिची ट्रंक, तिचं अंथरूण आणि आमच्या गाद्या-पिंपांचा ढीग. मधे उरलेल्या जागेत एक माणूस जेमतेम उभा राहायचा. आक्का दिवसभर कामात असायची, पण बोलायची नाही. जेवली का म्हटलं की जेवली, एवढंच. पुढं तिला साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं.

"बिनकामाचं हिंडायचं व्हय?" ती म्हणाली. "डोक्यावर पाटी न्हाय, कमरंवर घागर न्हाय, लोक काय म्हंतील?"

मग तिनं त्यावर स्वतःच तोड काढली. सकाळी बाहेर पडताना हातात रिकामी पिशवी घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई भाजीला निघाली. पिशवी हलवत बागेपर्यंत जायची आणि तशीच रिकामी पिशवी घेऊन परत यायची. मी तिला यावरून चिडवायचो, "आक्का, आज काय स्वस्त होतं?" ती पिशवीची घडी घालायची.

बागेत तेव्हा नुकताच बायकांचा व्यायामाचा वर्ग सुरू झाला होता. तो घेणाऱ्या बाई वारणानगरला एका शाळेत खेळ शिकवायच्या आणि लग्न होऊन आमच्या पेठेत आल्या होत्या. स्कूटीच्या पुढच्या जागेत टेपरेकॉर्डर ठेवून त्या सहाला यायच्या. हिरवळीवर पंचवीस-तीस बायका जमायच्या. दुकानदारांच्या घरातल्या, दूधवाल्यांच्या घरातल्या, नोकरीवाल्या. पदर खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. आक्का तीन दिवस कडेला पिशवी घेऊन उभी राहिली. चौथ्या दिवशी बाईंनी तिचा हात धरून तिला रांगेत नेलं.

महिन्याभरानं पिशवी खुंटीला लागली. आक्का मोकळ्या हातानं जाऊ लागली. एकदा सकाळी मी दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. बायको विचारत होती, "वन्सं, खरंच तुम्हाला पुढं उभं केलं?" आणि आक्का सांगत होती की आकडे मोजायला सगळ्यांत मोठा आवाज तिचाच आहे म्हणून बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतलं. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. त्या एका तासावर आक्का पुन्हा माणसात आली हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून पुढच्याला मला माफी नाही.

त्या हिरवळीवर पूर्वी तालमीतले जुने पैलवान बसायचे. मेहनत झाली की तिथं पेपर उघडायचे आणि आठ वाजेपर्यंत देशाचा कारभार बघायचे. वर्ग सुरू झाला आणि त्यांची पंचाईत झाली. बायकांकडं तोंड करून बसावं तर लाज वाटायची, आणि पाठ करून बसावं तर ऊन थेट डोळ्यांवर यायचं. हे खरं कारण होतं, पण ते सांगणार कसं? म्हणून टेपचा आवाज, हिरवळीचं नुकसान, उघड्यावरचे हातवारे अशी कारणं निघाली.

तालमीचे वस्ताद सत्तरीचे. त्यांच्यापुढं माझा बापही खाली मान घालून बोलायचा. त्यांनी मला बोलावलं.

"बाग काय तेंच्या टेपावर चालतीया व्हय? आमी बसायचं कुठं? महापालिकेला एक अर्ज लिव. असा लिव की सायबानं उटून हुबं ऱ्हायला पायजे."

मी लिहिला. आक्का त्या वर्गात आहे हे सांगायला तोंड उघडलं नाही. वस्तादांना नाही म्हणायची रीत नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे, अर्जानं काय होतंय, सरकारी कागद धूळ खात पडेल, अशी मीच माझी समजूत घातली.

अर्जावर भागलं असतं. पण सह्या झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "फळ्यावर बी हुं दे काय तरी." तेवढ्यात मला वाक्य सुचलं. वाक्य सुचलं की मला दम धरवत नाही. मी खडू घेतला आणि लिहिलं:

'सूचना. बागेत सकाळी सहा ते सात म्हशी मोकळ्या सोडल्या आहेत. फिरायला येणाऱ्यांनी जपून यावे.'

वस्ताद एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. मनात एकदा आलं, आक्का वाचेल. पण आक्का काडीसारखी बारीक, हे तिला कसं लागेल, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला. तो आठवला की आजही स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी आक्का सव्वासहालाच परत आली. बूट काढून तिनं ते पुसले आणि पेपरात गुंडाळून वर नेले. भाकऱ्या केल्या. मला वाढताना ती नेहमीसारखीच होती. त्याच्या पुढच्या सकाळी बाहेर पडताना तिनं खुंटीवरची पिशवी काढली.

आमच्याकडं नवा विषय निघेपर्यंत जुनं वाक्य पुसत नाहीत. मी पुसू शकलो असतो, खडू आणि फडकं माझ्याच हातात होतं. पण पुसलं तर का पुसलं ते विचारतील, आणि सांगायला लाज वाटत होती. म्हणून ते चार दिवस तसंच राहिलं. वर्गातल्या बायका तिसाच्या दहा झाल्या.

रविवारी वर्गाच्या बाई आमच्या घरी आल्या. मी पेपर वाचत बसलो होतो आणि आक्का शेंगा निवडत होती.

"मावशी, का येत नाही?"

"गुडघं दुखत्यात," आक्का म्हणाली.

बाईंनी तिच्या गुडघ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळल्या. महापालिकेत कुणीतरी आमच्या वर्गाविरुद्ध अर्ज दिलाय, म्हणाल्या. बुधवारी दोन्हीकडच्यांना बोलावलंय. "तुमचं अक्षर फार सुंदर आहे म्हणतात. आमच्या बाजूनं एक अर्ज लिहून द्याल का?"

मी आक्काकडं बघितलं. तिची मान वर झाली नाही.

"दील की," ती म्हणाली. "समद्यांचंच लिवतोय तो."

तिला सगळं माहीत होतं. फळ्यावरच्या पहिल्या ओळीतच तिनं माझा हात ओळखला असणार. तो हात तिनंच तर वळवला होता. मी कागद घेतला. बाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. हा वर्ग आमच्या आरोग्यासाठी आहे, आम्ही कुणाला त्रास देत नाही, आम्हाला दुसरी मोकळी जागा नाही. ते शेवटचं वाक्य लिहिताना मला वरची अडगळीची खोली आठवली. बाईंनी आक्कापुढं पेन धरलं. आक्कानं हात पुसून सही केली.

मी एवढा शहाणा, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बुधवारी महापालिकेत साहेबांनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एका बाजूला वस्ताद आणि त्यांची चार माणसं, दुसऱ्या बाजूला बाई आणि दोन बायका. मधे मी. मला दोघांनीही आपला म्हणून आणलं होतं. साहेबांनी एक कागद बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला.

"पावणं, दोन्ही एकाच हातचं हायत की हो."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. पेठेत त्या नव्या होत्या; फळ्यावरचं अक्षर कुणाचं तेही त्यांना त्याच क्षणी कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. निकाल सोपा लागला. वर्ग बागेच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीकडं घ्यायचा आणि टेप हळू लावायचा. एवढं तर चहा पितापिताही ठरलं असतं. बाहेर आल्यावर वस्ताद म्हणाले, "खडूचा डबा तालमीत आणून ठेव." मी त्याच संध्याकाळी ठेवला. तालमीतूनही गेलो आणि बाईंच्या नजरेतूनही उतरलो. तेलही गेलं, तूपही गेलं.

वर्ग पुन्हा भरला. महिन्याभरात टाकीपाशी पहिल्यापेक्षा जास्त बायका दिसू लागल्या. फळ्यावरचं सगळे विसरले. पेठ विसरते लवकर. आक्का मात्र पिशवी घेऊन बागेच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथूनच वळून परत यायची.

एका सकाळी मी अंथरुणं ठेवायला वर गेलो. अडगळीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. आतून दबक्या आवाजात आकडे ऐकू येत होते. एक, दोन, तीन, चार. मधेच काहीतरी पिंपावर आपटल्याचा आवाज आला आणि आकडे थांबले. थोड्या वेळानं पुन्हा एकपासून सुरू झाले. मी अंथरुणं घेऊन तसाच उभा राहिलो. मला रडू आलं.

आक्का खाली आली तेव्हा तिचं कोपर सोललेलं होतं. मी म्हटलं, "आक्का, चुकलो मी. उद्या मी येतो तुझ्याबरोबर बागेत. फाटकापाशी बसून राहतो."

तिनं कोपरावर हळद लावली.

"तितं जागा लई हुती बग," ती म्हणाली. "दोनी हात पसरलं तरी कशाला लागत न्हवतं. आता तितं हात वर केला की वाटतंय, कोण तरी वाचतंय."

"फळा मी सोडलाय आता."

"लिवायचं सोडू नगंस. अक्षर चांगलं हाय तुजं."

एवढं बोलून तिनं खुंटीवरची पिशवी घेतली आणि भाजीला निघाली. घरात भाजी होती. आदल्या संध्याकाळीच मी आणली होती.