दुपट्ट्याखालचा सौदा

आदिलाबादच्या कापूस बाजारात मोठे सौदे तोंडाने होत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून ही रीत. एकदा दुपट्टा उचलला की सौदा पक्का. त्यावरून कोणी फिरल्याचं मी ऐकलं नव्हतं. हमाली करता करता मी हे शिकलो आणि त्यात भल्याभल्यांना पुरून उरायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शहराजवळच्या मावला गावात एका जिनिंगच्या गिरणीत मी हंगामी कामाला जायचो. तिथले मुकादम म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे नवरे. मजूर आणणं, त्यांच्याकडून काम करून घेणं, पगार वाटणं सगळं त्यांच्याकडे होतं. हजेरीवर आमची नावं नसायचीच. आम्ही मुकादमाची माणसं.

एका दुपारी रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात, कापसाचा बोळा अडकला. मी यंत्र थांबवायला निघालो तसे भाऊजी ओरडले, "बंद काऊन करतं बे? बाहेर गाड्या उभ्या आहेत. चालू असतानाच ओढ!"

ओढला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा गिरणीचा मालक शेट संत्री घेऊन आला. खाटेवर बसून त्याने हळहळ सुरू केली. मी म्हटलं, "शेटजी, वो सब बाद में. पहले दुपट्टा डालो."

शेट हसला. "अरे, तू बीमार है या व्यापारी?"

उजवा हात बांधलेला, म्हणून गेलेल्या बोटांच्या भरपाईचा सौदा डाव्या हाताने केला. तो दाबायचा, मी झटकायचो. अंगात ताप होता, तरी त्याला मी असा वर खेचला की त्याच्या तळहाताला घाम सुटला. भाऊजी खाटेच्या पायथ्याशी बसून पाहत होते. दुपट्टा उचलल्यावर तेच म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता कुठी जायाचं नाही, कुठी लिहाचं नाही."

बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत कामाला असलेला आतेभाऊ भेटायला आला होता. त्याने विचारलं, "कागद केला का? आमच्याकडं माणसाला खरचटलं तरी पहिले लिहून घेते."

"बाजारात कागद लागत नाही," मी ऐटीत सांगितलं.

हंगाम संपला, गिरणी बंद व्हायची वेळ आली, तरी शेटकडून काही येईना. मी त्याच्या गादीवर जाऊन उभा राहिलो.

"कौनसा सौदा?" तो शांतपणे म्हणाला. "मैं तो तुझे देखने आया था. हाथ हाथ में लेके तसल्ली दी."

समोरचा पाण्याचा तांब्या मी भिंतीवर फेकला. चौकीदाराने मला बखोटीला धरून फाटकाबाहेर काढलं.

मग कामगारांच्या कचेरीत अर्ज केला. दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. मी त्या गिरणीचा कामगार होतो आणि शेटने भरपाई कबूल केली होती. दोन्हींचा साक्षीदार एकच. भाऊजी म्हणाले, "तू काऊन घाबरून राह्यला? मी आहो ना."

सुनावणीला ते धुतलेला सदरा घालून आले. साहेब तेलुगू माणूस, पण विचारायचा हिंदीत. "सौदा हुआ था?"

"साहेब, मैंने तो सिर्फ दुपट्टा देखा. अंदर का क्या मालूम?"

इथवर ठीक होतं. दुपट्ट्याखालचं तिसऱ्याला दिसत नाही, हे मलाही मान्य. साहेबाने पुढे विचारलं, "ये आदमी आपके यहाँ काम करता था?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रिश्तेदार है साहेब. मुझसे मिलने आता था. मशीन में हाथ क्यों डाला, भगवान जाने."

मी ओरडलो, खुर्ची लोटून उठलो. शिपायाने मला बाहेर नेलं. अर्ज तिथेच बुडाला.

पायऱ्यांवर त्यांना गाठलं. "काऊन केलं असं, भाऊजी?"

"शेटनं पुढच्या हंगामाची मुकादमी काढून घेतो म्हटलं. माह्या मागं तुही बहीणच आहे ना? तुह्यं काय, तू कुठीबी सौदा करून पोट भरशील."

भरलं पोट. उरलेल्या आठ बोटांवर सरकीचा धंदा उभा केला, नव्वदच्या दशकात स्वतःचं गोदाम बांधलं. माझ्यापुढे उधारीचं नाव काढायलाही लोक दबकतात. पण त्या धंद्याचं श्रेय कोणाकडे गेलं ते मला भाचीच्या लग्नात कळलं. पंगत बसली होती. वाढप्यांना हाका मारता मारता भाऊजी व्याह्यांना सांगत होते, "हा आमचा साळा. त्या दिवशी मी याच्या बाजूनं बोललो असतो तर दोन पैसे घेऊन घरी बसला असता. मी नाही बोललो म्हणून आज शेट झाला."

व्याही हसले. मी बहिणीकडे पाहिलं. ती कढीचं भांडं घेऊन माझ्यासमोरच उभी होती. म्हणाली, "खोटं आहे का रे बाबू? झालंच ना तुह्यं चांगलं."

भरल्या पानावरून उठलो. तिने मला थांबवलं नाही. पुढच्या पानावर कढी वाढली.