उन्हात मुरलेली वाइन

आमच्या घरी मे महिन्यात सगळ्या वस्तूंना ऊन दाखवतात. मिरच्या, हळद, कुळीथ, आमसुलं, गोधड्या आणि वाइनची एक बाटली.

बाटली बाबांची. त्यांच्या मित्राने, म्हणजे आमच्या काकांनी, कुठल्याशा परदेशी बंदरावरून आणलेली. दोघे मिरकरवाड्यात एकत्र वाढले. बाबा रत्नागिरीतच कारकुनी करत राहिले, काका मालवाहू जहाजाच्या इंजिनखात्यात लागले. बाटली देताना काका म्हणाले होते, "आता फोडू नको रे. जितकी जुनी तितकी भारी. मी कायमचा घरी आलो की दोघं मिळून फोडू." बाबांनी तोवर दारूचा थेंब चाखलेला नव्हता, पण मित्राचा शब्द तो शब्द. बाटली घरात आहे म्हणजे हा परत येणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. समुद्रात वादळाची बातमी लागली की ते टीव्ही सोडून बाटलीच्या कपाटाकडे बघत बसायचे.

टिकवायची वस्तू म्हटली की ती आमच्याकडे आईच्या ताब्यात जाते. आईचं शास्त्र अगदी सुटसुटीत आहे: ऊन लागलं की काही बिघडत नाही. कोकमाचं सरबत बरणीत उन्हात ठेवूनच टिकतं, मग द्राक्षांनी काय घोडं मारलंय? त्यामुळे दर मे महिन्यात बाटली घरापुढच्या खळ्यात, मिरच्यांच्या शेजारी. दुपारी सांडगे उलटायला आली की आई बाटलीचीही कूस बदलायची. पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून ती तांदळाच्या पिंपात. लेबल आधी फिकं पडलं, मग गळून गेलं. पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगायचे, "मुरतेय." मला मधूनमधून शंका यायची. पण आईच्या उन्हावर शंका घेणाऱ्याला आमच्याकडे लोणचं वाढत नाहीत.

काका रजेवर आले की बाबा बाटली पुढ्यात ठेवायचे. काका ती उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "थांब अजून. मुरू दे."

शेवटी काका निवृत्त होऊन घरी आले, तेही नेमके मे महिन्यात. संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने कोलंबी तळली. बाटली खळ्यातूनच उचलून आणली. अजून कोमट होती. बूच काढायला स्क्रूड्रायव्हर लावला, तर बुचाचा भुगा झाला. मग वाइन चहाच्या गाळणीतून गाळली आणि स्टीलच्या पेल्यांत ओतली. रंग काकवीसारखा होता.

बाबांनी घोट घेतला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. "वा!" ते म्हणाले. काकांनी घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला. "फस्क्लास!" मग दोघांनी एकमेकांकडे बघत आणखी एकेक घोट घेतला. जग हिची तारीफ करतं म्हणजे खोट आपल्याच जिभेत असणार, असं बाबांना वाटत होतं. याने इतकी वर्षं राखली, याचं मन कसं मोडू, असं काकांना वाटत होतं. हे दोघांनीही मला नंतर वेगवेगळं सांगितलं.

आईने येऊन बाबांच्या पेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. "अहो, ही आंबलीय! शिरका झालाय हिचा!"

मी फोनवर शोधून मोठ्याने वाचायला घेतलं. व्हिस्की-रम सीलबंद असेल तर वर्षानुवर्षं टिकते. वाइनचं तसं नाही. बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात, आणि तोवर अंधारात, गार जागी, आडव्या ठेवायच्या. ऊन तर मुळीच लागू द्यायचं नाही. तिथे मी फोन खाली ठेवला, कारण आईचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे मीच नासवली," ती म्हणाली.

बाबा पेल्यात बघत होते. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या माणसाकडे बघून मला रडूच येईल असं वाटलं.

"वहिनी, तुमची काय चूक नाय," काका म्हणाले. "दर खेपेला थांब थांब मीच बोललो. पयल्याच रजेत फोडली असती तर?"

बाबांनी पेला खाली ठेवला. "तू आलास ना परत? मग झालं बाटलीचं काम."

काकांनी नाक पुसलं आणि शिरका फार कडक आहे म्हणाले. उरलेला आईने कोलंबीच्या लोणच्यात घातला, आणि ते लोणचं इतकं फर्मास झालं की काका रोज जेवायलाच येऊ लागले.

आठवड्याभरात त्यांनी बाजारातून नवी बाटली आणली. खळ्यात मिरच्या अजून वाळत होत्या. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि सवयीने कपाटाकडे निघाले.

काकांनी त्यांचा शर्ट मागून धरला. "कुठं चाललास मेल्या? बस खाली. आत्ता फोडायची, वहिनी ऊन दाखवायच्या आत."

आई आतून पेले घेऊन आली. या वेळी तिने स्वतःसाठीही एक आणला होता.