थंड पडलेली चुनकळी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्याचं काम एक बाई एकवीस वर्षं करतायत. तुरट जिभेमुळे पोरांनी त्यांचं नाव तुरटीमावशी ठेवलंय. मी तिथला रसायनशास्त्राचा शिक्षक. माझ्याही नाकावर राग असतो, त्यामुळे आमचं पटत नाही हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

गेली चार वर्षं मावशी मला एकच गोष्ट सांगत होत्या. "सर, चुनकळीच्या बाटलीचं बूच फुटलंय. नवी मागवा." मी हो हो म्हणायचो आणि कानाडोळा करायचो.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत मी संयोग अभिक्रिया दिली. चुनकळीत पाणी घाला, काय दिसतं ते लिहा. चौतीस जणांनी लिहिलं: चर्र आवाज आला, वाफ निघाली, भांडं गरम झालं. एका मुलीने लिहिलं: काही झालं नाही, भांडं थंडच आहे. मी लाल पेनाने भोपळा दिला. त्या भोपळ्याने ती एका गुणाने नापास झाली, आणि नापास म्हणजे पुढच्या वर्षी विज्ञान शाखा बंद. हे मला माहीत होतं. तरी दिला, कारण मला वाटलं, कार्टीने टिवल्याबावल्या करण्यात वेळ घालवला.

दुसऱ्या दिवशी गुणांची यादी घेऊन मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलो होतो. दार न वाजवताच मावशी आत आल्या. हातात ती बाटली, दोन चंचुपात्रं, पाणी आणि विरल आम्ल.

"नापास कोणाला करताय, सर? मुलीला की बाटलीला?"

त्यांनी पहिल्या पात्रात चमचाभर पूड टाकून पाणी ओतलं. आवाज नाही, वाफ नाही. "बाई, हात लावून बघा." मुख्याध्यापिकांनी लावला. थंडगार. मग मावशींनी दुसऱ्या पात्रात तीच पूड टाकून तिच्यावर आम्ल सोडलं, तशी ती फसफसून वर आली.

"खरी चुनकळी असती तर हे बुडबुडे आले नसते," मावशी म्हणाल्या. "फुटक्या बुचातून हवा शिरली. पुडीने आधी हवेतलं पाणी धरलं, मग कार्बन डायऑक्साइड. आता ती त्याच्याशी घट्ट बांधली गेलीय. वरून ओतलेल्या पाण्याला कोण विचारतो? शिकवता ना तुम्ही हे?"

शिकवतो! दर वर्षी घसा फोडून शिकवतो. जुने बंध तुटायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ऊर्जा बाहेर पडते. जे जुळायचं ते बाटलीतच जुळून गेलं, तर भांडं तापणार कशाने? माझी मलाच चीड आली, आणि त्याहून जास्त चीड मावशींची आली.

"ठीक आहे सर, त्या मुलीला दोन गुण देऊन टाका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "विषय संपवा."

"देऊन टाका?" मावशींचा आवाज चढला. "भीक आहे का ती? तिने पाहिलं ते लिहिलं. थंड भांडं हातात धरून गरम लिहिणाऱ्या बाकीच्यांचे पूर्ण गुण तसेच?"

"सगळ्यांचे कापले तर पालक शाळा डोक्यावर घेतील, मावशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापाच!" मी टेबलावर हात आपटला. "चौतीसच्या चौतीस खोटारडे! डोळे झाकून गाइडमधलं उतरवलं. एकालाही भांड्याला हात लावून बघावंसं वाटलं नाही?"

मावशींनी बाटली टेबलावर ठेवली. आता त्या ओरडत नव्हत्या.

"मी तिथेच कोपऱ्यात उभी होते, सर. तुम्ही प्रत्येक टेबलापाशी थांबलात, वहीत बघितलंत आणि बरोबरची खूण केलीत. तुम्ही किती भांड्यांना हात लावलात?"



"एकालाही नाही," मी म्हणालो.