एकाच तरव्यातले

हातखंब्याला आंब्याच्या पेट्या गाडीत चढवत होतो, तेव्हा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली..." एवढंच बोलला. मी हातातली पेटी खाली ठेवली आणि तिची दोरी घट्ट बसली आहे की नाही, ते उगाच तपासत बसलो. अशा वेळी माणूस काय करील, सांगता येत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, आकाशाची अभ्यासक. शेजारच्या दीर्घिकांमध्ये तारे घोळक्याने कसे राहतात, हे शोधण्यात तिचं आयुष्य गेलं. दर मे महिन्यात ती गावी यायची ती कागदांची भेंडोळी घेऊनच. पांढऱ्या कागदावर ताऱ्यांचे काळे ठिपके. दुपारची जेवणं आटपली की पडवीत एक भेंडोळं उलगडायचं, चार कोपऱ्यांवर चार आंबे ठेवायचे आणि जवळजवळच्या ताऱ्यांभोवती पेन्सिलीने कुंपणं घालत बसायचं. हे काम संगणक करतोच, ती म्हणे, पण आधी माझ्या डोळ्यांना कळू दे. लोकांना संकटात दिवसा तारे दिसतात, आमच्याकडे ते जेवणानंतर दिसत. वारा पडलेला असे, आणि मी पेंगत पेंगत त्या ठिपक्यांत कुठल्या कुठे उतरून जाई...

एका मे महिन्यात मी घोळ केला. आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळत घालायला कागद हवा होता. कोपऱ्यातलं भेंडोळं रद्दी समजून अंगणात अंथरलं. संध्याकाळी अक्का पाहते तो अख्ख्या दीर्घिकेवर लाल डाग.

"मेल्या, माझ्या ताऱ्यांवर रातांबे घातलेस?"

मला शरम वाटायला हवी होती. आला राग. "आईबाबांच्या आजारपणात इथं कोण होतं? तू गेलीस ती गेलीसच. पाहुणी आहेस तू या घरात."

ती चिडली नाही. खाली बसून सालं उचलू लागली. "तरव्यात भाताची रोपं कशी दाटीने उगवतात? तारे तसेच जन्मतात. कोवळे असतात तोवर एकत्र. मग पांगतात."

"भांडून?"

"नाय रे. दीर्घिका फिरते ना, ती नेते त्यांना. मग कोण कुणाबरोबर जन्मला, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाय."

तो 'पाहुणी' शब्द मी तेव्हाच मागे घ्यायला हवा होता. पुढच्या मेमध्ये घेऊ म्हटलं... असे कितीतरी मे गेले. ती येत राहिली, आम्ही पडवीत बसत राहिलो, आणि ते राहूनच गेलं.

दिवसकार्य झाल्यावर भाच्याने तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवरचा कागद काढून मला दिला. तोच. डाग आता तपकिरी झालेत, ताऱ्यांभोवतीची कुंपणं पुसट. पण एक डाग या टोकाचा, एक त्या टोकाचा, अशा दोघांना घेऊन तिने एकच लांबलचक कुंपण घातलंय, गडद. बाजूला बारीक अक्षरात : 'एकाच तरव्यातले. मी आणि बाबू.'

बाबू म्हणजे मी.

यंदाचे आंबे संपले. आता कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवून दुपारी मी तो कागद पडवीत उलगडतो. "अक्के, पाहुणी नव्हतीस गो तू," म्हणतो. मोठ्याने म्हणतो.