वकीलसाहेब आणि शेणाचे दावे

माघ वद्य तृतीया. मी गोवऱ्या उलथून वाळत घालत होते, तेव्हा जमीनमोजणीचा गिरदावर बांधावरून सांगून गेला की हैदराबादचे वकीलसाहेब वारले.

साहेबांना काहीही सांगा, आधी चष्मा पुसायचे, मग विचारायचे, "सबूत काय?" ऊन फार आहे म्हटलं तरी तेच.

शहरात उबगलेल्या माणसांना खेड्यातली मोकळी जागा रिकामीच दिसते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. साहेबांना आमचं तलवाड्याचं गायरान दिसलं. तिथे कलमी आंब्यांची बाग लावायची आणि मधोमध हवा खायला बंगली बांधायची, असा बेत. गावाची सगळी गुरं तिथेच चरायची. त्यांनी मग कुठे जायचं, हे कुणी सांगेना.

मोजणीला साहेब गिरदावराला घेऊन आले. आमच्यात शेणाच्या पोवर जी बाई आधी दगड ठेवते, तो पो तिचा. दुसरी हात लावत नाही. साहेबांना वाटलं, गावाने हद्दीचे दगड मांडून जमीन बळकावली. शेरवानी सावरत गायरानभर फिरले आणि एकेक दगड उचलून भिरकावला.

आम्ही पाट्या घेऊन पोचलो, तर कुणाचा पो कोणता ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. माझी जाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दगुड कावून उचलले? आता माजं श्यान कोन्तं, तुमीच सांगा."

"सबूत काय?" साहेब सवयीने बोलून गेले आणि तिथेच अडकले.

"माज्या म्हशीचं हाय. वास घेऊन बगा."

बायांनी वेढाच घातला. गिरदावर मोजणीची साखळी टाकून बाभळीखाली आडवा झाला. साहेबांनी खुर्ची मागवली आणि रीतसर एकेक दावा ऐकायला घेतला. साक्षीला म्हशी आल्या. जावेने उलटतपासणीत शब्द फिरवला, तरी जिंकली. दिवस मावळला, पण साहेब उठेनात. इतके पक्षकार त्यांच्याकडे कधी आलेच नसावेत.

शेवटी गिरदावराने विचारलं, मोजणीचं काय लिहू? साहेबांनी चष्मा पुसला.

"लिहा, या बायांची इथे जुनी वहिवाट आहे. बागेला जागा मोकळी नाही."

पुढे ते अधूनमधून यायचे, नवीन दावा आहे का विचारायला. नसला तर आम्ही एखादा काढायचो.

साहेब वारल्याची खबर जावेला सांगितली. ती म्हणाली, "मानूस चांगला व्हता. निकाल लई उशिरा द्यायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस गायरानात सोडली आणि पाटी घेऊन तिच्यामागे गेले.