गावसभेची वेळ

मालूकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पालघरला कचेरीत एका सहीसाठी ताटकळत उभा होतो. सही राहू दिली आणि तसाच निघालो. महिना होत आला, तरी काकूंशी मनातल्या मनात वाद चालूच आहे…

वाद एकच, गावात ठरवतं कोण? मी सालवडला राहणारा, कारखान्यातला माणूस. माझं म्हणणं, ठरतं ते आमदाराच्या फोनवर आणि कंत्राटदाराच्या गाडीत. गावसभा नुसती चहा-बिस्किटांपुरती. काकू मुरब्याजवळच्या आमच्या गावच्या सरपंच. जागा महिलांसाठी राखीव, म्हणून काकांनी त्यांना उभं केलेलं. ‘सरपंच’ अशी हाक मारली की ओ मात्र काका द्यायचे. काकू पालघरच्या बाजारात मासळी विकून यायच्या आणि काका दाखवतील तिथे सही करायच्या.

अशात बोंबील सुकवायची किनाऱ्यावरची जागा ट्रक उभे करायला द्यायचं घाटत होतं. काकांनी कंत्राटदाराला शब्दही दिलेला. ती जागा गेली असती, तर निम्म्या घरांची चूल बंद पडली असती. मी म्हटलं, “काकू, आता काही होत नाही. वरून ठरलंय.”

“वरून नाय रं,” मासळीची पाटी धुता धुता त्या म्हणाल्या. “सभा अकराला हाय. तवा आमी बाया बाजारात. मंग ‘नाय’ कोन म्हननार?”

त्यांनी ग्रामसेवकाला सांगून सभा दुपारी चारला ठेवली. बाया बाजारातून परस्पर आल्या, रिकाम्या पाट्यांसकट. सभागृहात मासळीचा वास कोंदला. ठराव पडला. पुढे कित्येक दिवस काका घरात जेवले, पण बोलले नाहीत. काकूंना ते फार लागलं. वाढताना डोळे भरायचे, पण सभेची वेळ काही त्यांनी बदलली नाही.

मी माझा हेका पुरता सोडलेला नाही. फोन येतात, गाड्या येतात. पण हात शेवटी सभेत वर होतात, आणि तिथे कोण पोचू शकतं हे वेळ ठरवणाऱ्याच्या हाती असतं, एवढं मला मान्य करावं लागतं.

परवा काकूंच्या मागे पहिली गावसभा झाली. आता कारभार बघणाऱ्या उपसरपंचांनी ती पुन्हा सकाळी अकराला ठेवलेली. विषय तोच, ट्रकची जागा. ठराव वाचून झाला. “सर्वांना मंजूर?” असं विचारताच काका उठले. आता हा माणूस दिलेला शब्द पुरा करणार, या विचाराने मला संताप आला.

काका दाराकडे बघत म्हणाले, “बाया नाय आल्या अजून. आमी थांबतो.” आणि खाली बसले.