अमेरिकन वकिलाची फाटलेली पानं

दुबईत अल क्वोजच्या आमच्या खोलीत माणसं सहा आणि पुस्तक एक. मी वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेल्या खोक्यात ते मला सापडलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र, इंग्रजीत. दर शुक्रवारी जेवणं झाली की मी ते मराठीत सांगायचो. चांभाराचा मुलगा, दुसऱ्याच्या ऑफिसात झाडू मारता मारता कायदा शिकला, गिरणीत बोटं गेलेल्या मजुरांचे खटले लढला आणि त्यांच्याच मतांवर निवडून गेला. सांगताना माझा तोरा असा की मीच बॅरिस्टर.

लांज्याचा एक प्रेस ऑपरेटर सगळ्यात जास्त रंगायचा.

"म्हणजे भाऊ, वकील आपल्याच बाजूचा."

"मग? त्याचं कामच ते," मी ठोकून द्यायचो.

खरं तर पुढचं मी वाचलं होतं. निवडून गेल्यावर तो रेल्वे कंपनीचा वकील झाला आणि मेलेल्या मजुरांच्या विधवांविरुद्ध कोर्टात उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी कुणाचं तोंड कडू कशाला करा, म्हणून मी पुढची पानं फाटलीत असं सांगून टाकलं.

त्या उन्हाळ्यात लांज्याच्या त्या ऑपरेटरचा उजवा हात प्रेसखाली आला. ऑपरेशन लवकर झालं तर बोटं वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीने ते इथेच करावं, एवढंच त्याचं मागणं होतं. शनिवारी मी त्याला लेबर ऑफिसला नेणार होतो.

गुरुवारी ड्यूटीवरून आलो तर तो खाटेवर खुशीत बसलेला.

"भाऊ, काम झालं. वकील येऊन गेला."

"कुठला वकील?"

"कंदुरावाला, पांढऱ्या झग्यातला अरब. स्वतःच म्हणाला, अना वकील, म्हणजे मी वकील. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणे इन्शाल्ला. मी डावा अंगठा दिला, खलास."

इथे वकील म्हणजे मुखत्यार, मालकाच्या वतीने कागद करणारा माणूस. कोर्टातल्या वकिलाला अरबीत शब्दच वेगळा. सात वर्षांत मला हे पाठ झालं होतं, पण त्याला सांगायचं सुचलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याने त्या अरबी कागदाची कॉपी वाचून दाखवली: स्वखुशीने नोकरी सोडतो, उपचार गावी करीन, तक्रार नाही.

लेबर ऑफिसला जायचं त्या शनिवारी सकाळीच कंपनीची व्हॅन त्याला एअरपोर्टवर न्यायला आली. मी त्याची बॅग उचलून दिली.

"भाऊ, ती पानं कुठे मिळाली तर बघा. त्याचं पुढे काय झालं ते कळवा मला."

पुस्तक माझ्या उशाखाली होतं, पान न् पान शाबूत. कळवतो म्हणालो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. हाताबद्दल एक ओळही नव्हती. पानं मिळाली का, एवढंच विचारलं होतं. त्या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.